आतली कडी

नानांबरोबर येवल्याच्या बाजारात जायचं म्हणजे आधी भिंती बघायच्या आणि मग बाजार करायचा. नाना म्हणजे माझे वडील, गवंडी होते. पिशवी खांद्याला अडकवून ते पुढे चालायचे, मी मागे, आणि थोडं चाललं की ते थांबून एखाद्या घराच्या कोपऱ्यावर तळहात ठेवायचे. "ही आपली," म्हणायचे. पिठाच्या गिरणीची मागची भिंत आपली, विणकरांच्या आळीतल्या दुमजली घराचा जिना आपला, त्या अडतीच्या दुकानाचा ओटा आपला. घरमालक दारात उभा राहून बघत असला तरी त्यांना त्याचं काही नसे. लहानपणी मला खरोखरच वाटायचं की आम्ही फार मोठे श्रीमंत आहोत आणि काही कारणानं ते लोकांना सांगत नाही. आठवीला मला तिथल्या हायस्कुलात घातलं, तेव्हा नाव दाखल करून बाहेर पडल्यावर नाना फाटकाकडे न जाता इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूला गेले. तिथं एक ठेंगणी, पांढरी, दोन दारांची खोली होती. त्यांनी तिच्या कोपऱ्याला हात लावला. "ही बी आपलीच. मुलींसाठी बांधलीय," ते म्हणाले आणि एकदम गप्प झाले, कारण ती खोली कशासाठी आहे हे पोरीपुढे उच्चारायचं कसं? मीही जमिनीकडे बघत राहिले. दोन्ही दारांच्या कोयंड्यांतून एकच साखळी ओवली होती आणि तिला पितळी कुलूप होतं. शाळा अजून सुरू व्हायची आहे म्हणून कुलूप असेल, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

आमचं गाव येवल्यापासून एस.टी.नं तासाभरावर. घर दोन खोल्यांचं, स्वतःच्या हातानं बांधलेलं, आणि गवंड्याचं घर म्हणजे जसं असतं तसं, कायम अर्धवट. लोकांची घरं पूर्ण करून आले की नानांना स्वतःच्या घराला गिलावा करायचं त्राण राहत नसे. शेजारी सिंधूचं घर. तिच्या वडिलांचा पैठणीचा माग होता, त्यामुळे आमच्या घरात घड्याळ नसलं तरी अडत नव्हतं. मागाची खटखट सुरू झाली की दिवस उजाडला आणि थांबली की जेवणं. आई कांद्याच्या लागणीला, खुरपणीला जायची. तिच्या हाताला बारा महिने कांद्याचा वास असे, आणि आजही बाजारात ओल्या पातीची जुडी उचलली की मला आधी आई आठवते, मग भाजी. सकाळी ती बाजरीच्या भाकरी थापायची. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्की मारून फोडलेला कांदा हा आमचा डबा, तोही डब्यात नाही, फडक्यात. नाना घरी असले की संध्याकाळी कुळथाचे शेंगुळे व्हायचे, लसणाचा ठसका सगळ्या आळीला कळायचा आणि सिंधू न बोलावता वाटी घेऊन यायची.

शाळा सुरू झाली त्या सकाळी आईनं मला चुलीपाशी बसवून अर्धा कप कोरा चहा दिला. मी तांब्याकडे हात नेला तर तिनं तो उचलून बाजूला ठेवला. "जाताना पाणी नको पिऊ," ती हळू आवाजात म्हणाली. "आल्यावर पी, काय प्यायचं ते. तिथं कुठं जाशील?" बस्स. या विषयावर आमच्या घरात झालेलं हे एवढंच संभाषण. आईनं हे काही मन लावून शोधून काढलेलं नव्हतं. बाजाराला, लग्नाला, लागणीला जाताना ती स्वतः तेच करायची, तिच्या आईनंही तेच केलं होतं. परक्या गावात तोंड कोरडं ठेवायचं हे आमच्याकडे बायकांचं शहाणपण समजलं जायचं, आणि आई मला ते शहाणपण अगदी मायेनं देत होती.

आम्ही आठ जणी थांब्यावर उभ्या राहायचो. आठही जणींच्या आयांनी तेच सांगितलेलं होतं, हे हळूहळू कळलं. मग आमच्यात त्याची शर्यतच लागली. सिंधू म्हणायची, मी रात्रीच्या जेवणानंतर घोटसुद्धा घेत नाही. आठवड्यातले सहा दिवस आम्ही निर्जळी एकादशी करत होतो आणि पुण्य मात्र एकीच्याही पदरात पडत नव्हतं. त्या पांढऱ्या खोलीचं कुलूप पहिल्या दिवशी निघालं नाही, दुसऱ्या दिवशी निघालं नाही, आणि नंतर आम्ही तिकडे बघायचंही सोडलं. मुलगे मैदानाच्या कडेच्या भिंतीला जायचे. मुलींनी मागच्या नाल्यातल्या बाभळींत जायचं, तर पलीकडे गॅरेज आणि चहाची टपरी. तेव्हा कुणीच जात नव्हतं. संध्याकाळी बस गावात थांबली की आम्ही आठ जणी दप्तरं छातीशी धरून आठ दिशांना धावत सुटायचो. पारावर बसलेली माणसं कौतुकानं म्हणायची, पोरींना घरची लय ओढ हाय. नंतर आरोग्यसेविका म्हणून मी गावोगाव फिरले, तेव्हा शाळा सुटल्यावर अशा पळणाऱ्या मुली दिसल्या की मला हसू यायचं नाही.

आठवी संपता संपता आठाच्या पाच झालो. एकीच्या वडिलांना बसमधली गर्दी पसंत नव्हती, एकीला सारखी चक्कर यायची, एकीचं म्हणे डोकंच चालत नव्हतं. प्रत्येकीचं कारण वेगळं होतं आणि सगळ्यांना ते पटत होतं. नववीत सिंधूनं शाळा सोडली. सिंधू गणितात माझ्यापेक्षा हुशार होती. वडिलांच्या मागाशेजारी बसून ती ताण्याचे धागे डोळ्यांनी मोजायची आणि चुकायची नाही. तिच्या घरच्यांनी सांगितलं की शाळेत तिचं डोकं दुखतं. खरं कारण मला माहीत होतं. एक दिवस बाकावर बसल्या बसल्या तिला पाळी आली. ती शाळा सुटेपर्यंत उठली नाही, सगळे गेल्यावर माझ्या ओढणीचा आडोसा घेऊन उठली, आणि बसमध्ये खिडकीकडे तोंड करून म्हणाली की आता मी यायची नाही, अलके, तू कुणाला सांगू नको. मी सांगितलं नाही. पुढच्या लग्नसराईत तिचं लग्न झालं. तिला मागावर बसायला कदाचित आवडलंही असतं, पण आवडेल का हे तिला कुणी विचारलंच नाही. मला तेव्हा आपण मैत्रिणीचा शब्द पाळला याचा अभिमान वाटत होता.

त्याच वर्षी खैरनार बाई आल्या. त्या सटाण्याकडच्या. उंच, हाडापेरानं मजबूत, कडक इस्त्रीचं सुती पातळ, काखेत पुरुषी छत्री. शास्त्र शिकवायच्या. बोलायच्या अगदी पुस्तकातलं, शुद्ध, पण राग आला की अहिराणी बाहेर यायची, त्यामुळे बाई "हाई काय शे?" म्हणाल्या की अख्खा वर्ग सरळ बसायचा. मुलींना त्यांची भीती वाटायची आणि त्या वर्गात आल्या की बरंही वाटायचं. एवढ्या मोठ्यानं, एवढ्या ताठ मानेनं बोलणारी बाई आम्ही तोवर पाहिलीच नव्हती.

एके दिवशी त्यांनी फळ्यावर दोन मूत्रपिंडं काढली. घेवड्याच्या बियांसारखी, खडूनं नीट छायाबिया देऊन. रक्त कसं गाळलं जातं, पाणी किती लागतं, ते समजावून सांगितलं. मग बोलता बोलता त्यांची नजर कोपऱ्यातल्या माठावर गेली. दुपार झाली होती आणि माठ काठोकाठ भरलेला होता. त्यांनी झाकण काढून पाहिलं. मुलग्यांना मैदानावर पिटाळलं, दार लोटलं आणि विचारलं, सकाळपासून पाणी कोण कोण प्यायलंय, हात वर करा. एकही हात वर गेला नाही. ऑक्टोबरच्या उन्हाचे दिवस होते. बाईंनी पुन्हा विचारलं. मी पहिल्या बाकावर होते आणि त्या माझ्याकडेच बघत होत्या, म्हणून असेल, पण माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, प्यायलं तर जायचं कुठं?"

बाई खुर्चीवर बसल्या. त्या शिकवताना कधी बसत नसत. त्यांनी फळ्यावरच्या त्या दोन बियांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी समोरच्या शिंपीणबाईंच्या घरी जाते. तुम्ही कुठं जाता, हे मी इतक्या महिन्यांत एकदाही विचारलं नाही. ही माझी चूक आहे." शिक्षक आपली चूक वर्गासमोर कबूल करतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि पुढच्या आयुष्यातही फार वेळा पाहिलं नाही. त्या तशाच उठून मोठ्या सरांकडे गेल्या. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. माणूस वाईट नव्हता, इंग्रजी सुंदर शिकवायचा, पण शाळेतली प्रत्येक चांगली वस्तू त्यांना कुलपात आवडायची. त्यांचं म्हणणं, मागच्या खोलीला पाण्याची टाकी झालेली नाही, मुली घाण करतील, तपासणीला साहेब आले तर काय दाखवायचं? दिवाळीनंतर बघू. बाई तीनदा गेल्या, तीनदा हेच उत्तर. त्यांनी शिंपीणबाईंना गळ घातली आणि दोन-दोन मुलींना तिकडे पाठवायला सुरुवात केली, पण एका घरानं किती मुलींचं करावं? आठवड्यात ती बाईही कंटाळली.

या सगळ्यात मला उन्हाळी लागली. लघवीला जळजळायचं, ओटीपोटात दुखायचं. आईनं धन्याजिऱ्याचं पाणी दिलं, सब्जा दिला, खडीसाखर दिली. रविवारी बरं वाटायचं, मंगळवारी पुन्हा तेच. हे दोन-तीनदा झालं. मग एका संध्याकाळी बसमधून उतरले ती धावलेच नाही. थंडी वाजून ताप भरला, पाठीत कुणी पहार खुपसावी तशी कळ येत होती, आणि नानांनी मला पाठुंगळी मारून घरी आणलं. येवल्याच्या दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडाला सूज आहे, पोरगी पाणी पीत नाही का? त्यांनी मलाच विचारलं, शाळेत पाणी पितेस ना? नाना उशाशी उभे होते. मी म्हणाले, हो, पिते.

मी खोटं बोलले. बापासमोर तो विषय निघाला असता, म्हणून. मरण परवडलं पण ते नको, असं त्या वयात खरोखर वाटतं. ज्यांना हे विचित्र वाटत असेल त्यांनी चौदा वर्षांच्या मुलीला तिच्या वडिलांदेखत विचारून पाहावं. माझ्या नातीपाशी दोन बाटल्या असतात, एक शाळेची आणि एक क्लासची, आणि ती सगळ्यांसमोर तिच्या बाबाला वाट्टेल ते सांगते. मी ते ऐकते आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी हलवते. डोळे कशानं भरून येतात ते तिला काय सांगायचं?

पण त्या माझ्या 'हो'मुळे घरात सगळ्यांची वाट चुकली. पाणी पिऊनही ताप येतो म्हणजे दोष दुसऱ्या कशाचा तरी असणार. आत्या म्हणाली, पोरीला शाळा बाधली. बसचे धक्के, उन्हातलं चालणं, वर अभ्यासानं डोक्यात उष्णता. आईला ते पटलं. नाना दोन दिवस कामाला गेले नाहीत. मी अंथरुणात पडून मागाची खटखट ऐकत होते आणि सिंधू आता तिच्या सासरी काय ऐकत असेल याचा विचार करत होते. मला काय व्हायचंय ते मला ठाऊक नव्हतं. मला फक्त दहावीच्या बाकावर बसायचं होतं, आणि पुढचं पुढे ठरवायला कुणीतरी वाव द्यायला हवा होता. तिसऱ्या दिवशी नाना भाकरी अर्धी टाकून उठले आणि आईला म्हणाले, "पोरगी ऱ्हायली तर शिक्षण. उद्या दाखला काढून आणतो." नानांनी हे रागानं म्हटलं असतं तर मी रडले असते, भांडले असते. ते मायेनं म्हणाले, तिथंच घोडं पेंड खात होतं.

शाळेची पुस्तकं परत करायची होती, म्हणून ते मलाही घेऊन गेले. मोठे सर वर्गावर होते. आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो, नाना टोपी हातात घेऊन, मी पुस्तकांची थप्पी छातीशी धरून. खैरनार बाई समोरून आल्या. पुस्तकं पाहिली आणि थांबल्या. काय झालं, म्हणून विचारलं. नाना म्हणाले, पोरीला शाळा बाधली, ताप उतरत नव्हता, दाखला न्यायला आलोय. बाईंनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? नाना खाली बघू लागले.

"तुमची मुलगी सकाळी घरातून निघाल्यापासून संध्याकाळी परत जाईपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही," बाई म्हणाल्या. वेळापत्रक वाचून दाखवावं इतक्या सरळ आवाजात. "कारण तिला इथं लघवीला जायला जागा नाही. ताप त्याचा आहे."

धरणीनं दुभंगून पोटात घ्यावं असं मला वाटलं. मी पुस्तकांच्या थप्पीत तोंड लपवलं. नानांचा चेहरा मी पाहिला नाही, आवाज तेवढा ऐकला.

"जागा नाय कशी, बाई? म्या सोता बांधलीय की. मागं. दोन दारांची."

बाईंनी नानांच्या हातांकडे पाहिलं, सिमेंटनं खाल्लेल्या त्या बोटांकडे, आणि तरातरा मोठ्या सरांच्या वर्गात शिरल्या. आतून एकच वाक्य ऐकू आलं, अर्धं अहिराणीत. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्यामागे सर होते आणि सरांच्या हातात किल्ली होती.

किल्ली फिरेना. कुलूप आतून गंजून गेलं होतं. शेवटी नानांनी एक धोंडा घेऊन दोन घाव घातले आणि साखळी खाली पडली. एका बाजूला मोडके बाक रचले होते, दुसऱ्या बाजूला स्नेहसंमेलनाचे पडदे आणि गुंडाळलेले नकाशे. संडासाच्या भांड्यात ते येताना ज्या गवतात बांधून आलं होतं ते गवत अजून तसंच होतं. नाना आत गेले. सवयीप्रमाणे त्यांनी आधी भिंतीवर तळहात फिरवला, कोपरा पाहिला, मग वाकून भांड्यातलं गवत बाहेर काढलं आणि मुठीत धरून उभे राहिले. आपल्या बांधकामाकडे ते नेहमी बघत तसं त्या दिवशी बघत नव्हते.

"अलके," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकदा बी आत गेली नाय तू?"

"नाय, नाना."

"दीड साल. आन् मला सांगितलं नाय."

इतकी वर्षं ते आपल्या भिंती दाखवत बाजारातून हिंडले होते, आणि या खोलीत कोण जातं हे त्यांनीही विचारलं नव्हतं. हे ते मला पुढे कधी बोलले नाहीत, पण त्या दिवसानंतर त्यांनी बाजारात कुठल्याच भिंतीवर हात ठेवला नाही. मोठे सर बाजूला चुळबुळत होते, पाण्याच्या टाकीचं पत्र पाठवलंय वगैरे सांगत होते. नानांनी मुठीतलं गवत बाहेर टाकलं, टोपी डोक्यावर घातली आणि हात जोडले. "सर, दाखला ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "रविवारी येतो."

रविवारी ते थापी, ओळंबा आणि घमेलं घेऊन आले, मी आणि आई बरोबर. आई त्या शाळेत पहिल्यांदाच येत होती. खैरनार बाई आधीच येऊन, पदर खोचून मोडके बाक बाहेर ओढत होत्या. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या, पण दहा मिनिटांत दोघी मिळून एक बाक उचलत होत्या. नानांनी बाजूला विटांचा एक छोटा हौद बांधला, हापशावरून आणलेल्या बादल्या त्यात ओतता याव्यात एवढा बुटका, मुलींच्या उंचीचा. दुपारी मोठे सर आले, स्वतःच्या घरची बादली घेऊन. हापशावर उभे राहिले आणि पाणी उपसू लागले. माणसाला चूक कळली आहे हे त्याच्या हापसण्यावरून मला समजलं, आणि त्यांच्यावरचा माझा राग तिथं संपला.

सगळं झाल्यावर नानांनी छिन्नी घेतली आणि दोन्ही दारांचे बाहेरचे कोयंडे उपटून काढले. सर म्हणाले, अहो, हे कशाला? मग कुलूप कुठं लावायचं? नानांनी तेच कोयंडे दाराच्या आतल्या बाजूला धरले, खिळ्यांच्या जागा पेन्सिलीनं आखल्या, आणि खिळे तोंडात धरूनच बोलले.

"कडी आतून पायजे, सर. आत जाणारीच्या हातात."

तेव्हापासून त्या खोलीला बाहेरून काहीही लावता येईना. बाईंनी मुलींच्या पाळ्या लावल्या. सकाळी आल्या आल्या दोघींनी हौद भरायचा, आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली की प्रत्येकीनं बाईंसमोर पेलाभर पाणी प्यायचं. सुरुवातीला आम्हाला ते घशाखाली उतरेना, एवढी न पिण्याची सवय झाली होती. माठ दुपारपर्यंत रिकामा होऊ लागला आणि शिपाई कुरकुर करू लागला. बाई रविवारी एस.टी.नं आमच्या गावी आल्या, शाळा सोडलेल्या मुलींच्या ओट्यावर जाऊन बसल्या. दोघी परत आल्या. सिंधूच्या घरीही त्या गेल्या, चहा प्यायल्या आणि तशाच उठल्या, कारण सिंधू तिथं राहिली नव्हती. दहावीनंतर नाशिकला नर्सिंगला जायचं हेही बाईंनीच आमच्या घरी येऊन सांगितलं, आणि आईनं पहिला प्रश्न विचारला तो हा, की तिथं पोरींच्या खोलीला आतून कडी हाय ना?

सिंधू मला पुन्हा भेटली ती कितीतरी वर्षांनी, गरोदर बायकांच्या तपासणीत. मी टेबलाच्या या बाजूला पांढऱ्या साडीत, ती त्या बाजूला. तिसरी खेप, अंगात रक्त नाही, पापणी खाली ओढून पाहिली तर कागदासारखी पांढरी. मी गोळ्या दिल्या, काय खायचं ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हसत म्हणाली, "शाळंत आतून कडी बसली म्हणं?" मी हो म्हणाले. "एक साल आधी बसाया पायजे होती," ती म्हणाली, आणि गोळ्यांची पुडी कनवटीला लावून उठली. तिनं मला दोष दिला नव्हता. पण तिला दिलेला शब्द मी मोडला असता, नानांना एकदा तोंड उघडून सांगितलं असतं, तर ती माझ्या शेजारी दहावीला बसली असती, याबद्दल मला काडीची शंका नाही. ती एक चूक मी घेऊनच जाणार. तिनं आपल्या दोन्ही मुलींना त्याच शाळेत घातलं आणि दोघीही दहावी झाल्या, हे इथं लिहून ठेवते, कारण तिनं ते मला फार अभिमानानं कळवलं होतं.

नाना तो विषय पुन्हा कधी बोलले नाहीत. पण कामाला दुसऱ्या गावी नसले तर ते थांब्यावर सोडायला येऊ लागले. बस आली की मी पायरीवर चढायची आणि ते खालून विचारायचे, "पाणी पिलीस का?" सगळ्या बसदेखत. सुरुवातीला मला लाज वाटायची, मग सवय झाली, मग ते विचारायचे राहिले तर चुकल्यासारखं वाटायचं. मला नोकरी लागली तरी विचारायचे, मला मुलं झाली तरी विचारायचे, फोन आल्यावर फोनवर विचारायचे. बापानं मुलीला विचारू नये अशा सगळ्या गोष्टी त्यांनी त्या एका प्रश्नात बसवल्या होत्या. उत्तर काय द्यायचं ते मला माहीत होतं, आणि दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर मी त्यांना खोटं उत्तर कधी दिलं नाही.

शेवटचे काही महिने ते माझ्याकडे होते, नाशिकला, द्वारका चौकाजवळच्या आमच्या घरात. अन्न जात नव्हतं, ओळख पुसट झाली होती. कधी मला आई समजायचे, कधी आत्या. खाली चौकातल्या गाड्यांचे भोंगे दिवसभर चालू असायचे आणि नानांना वाटायचं एस.टी. आली. त्या दुपारी मी त्यांच्या ओठांना चमच्यानं पाणी लावत होते. दोन चमचे गेले, तिसऱ्याला त्यांनी तोंड मिटून घेतलं. मी म्हणाले, नाना, थोडं घ्या. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मला ओळखलं.

"अलके, तू पिलीस का?"

सकाळपासून मी त्यांच्याच मागे होते, घोटसुद्धा घेतला नव्हता. नाय, नाना, म्हणाले. उठले, तांब्या भरून आणला, आणि त्यांच्यासमोर उभी राहून तो सगळा प्यायले.